सगळे शुक्रवारी देतो म्हणाले

मिस्त्रीने बॉयलरच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह पान्याने ठोकला. आधी हळू, मग जोरात. व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. मिस्त्री शिडीवरून उतरला, फडक्याला हात पुसले आणि सगळ्या लाँड्रीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा मेलाय."

"मेलाय म्हणजे?" दादाने विचारलं.

"मेलाय म्हणजे मेलाय. वाफ फार झाली की यानं आपणहून उघडायचं आणि ती बाहेर सोडायची, एवढंच याचं काम. हा चिकटून बसलाय. आता वाफ वाढली तर जाणार कुठून? भिंतीतून. आणि भिंतीपलीकडे कोण उभं असतं ते तुम्हीच बघा."

भिंतीपलीकडे इस्त्रीचा हॉल होता. तिथे एका लांबलचक गरम रोलरसमोर आठ बायका दिवसभर उभ्या असतात. चौघी ओली चादर आत घालतात, चौघी पलीकडून कोरडी काढून घडी करतात. आज वाफ नव्हती, रोलर थंड होता, म्हणून बायका बाकावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होत्या आणि आपल्याला काही ऐकू आलं नाही असं दाखवत होत्या.

"सामान गाडीत आहे," मिस्त्री म्हणाला. "नवा व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी दाखवणारी नवी काच. अर्ध्या दुपारचं काम. पण निम्मे पैसे आधी. दोन वाजेपर्यंत दिलेत तर हात घालतो. नाहीतर मला पुढचं काम आहे, मग आठवडाभर मला शोधू नका. आणि तोवर या मेल्याला पेटवायचं नाही."

दादा हसला. लाँड्री दोघा भावांची. थोरला तो दादा, मशिनं बघायचा. धाकटा माल पोचवायचा आणि वसुली करायचा. बिलं दादाच्या बायकोकडे. तिला गिऱ्हाइकांपासून कामगारांपर्यंत सगळे वहिनीच म्हणत.

"पैशाचं काय घेऊन बसलात?" दादा म्हणाला. "आजच येतायत. या, दाखवतो."

आणि त्याने मिस्त्रीला ऑफिसात नेऊन वहिनीच्या खुर्चीमागे उभं केलं.

स्क्रीन हिरवीगार होती.

बिलांच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बिलासमोर एक रकाना होता, 'अपेक्षित तारीख'. गिऱ्हाईक पैसे कधी देणार ते त्यात लिहायचं. तो रिकामा ठेवला तर बिल सेव्हच व्हायचं नाही. तारीख पुढे असली की ओळ हिरवी, उलटून गेली की लाल. सगळ्यात खाली ठळक अक्षरात एक बेरीज यायची, 'या आठवड्यात अपेक्षित'. दादा सकाळी चहा पिताना ती बेरीज बघायचा आणि त्यावर दिवस काढायचा. नवा ड्रायर त्या बेरजेवर घेतला. व्हॅनचे टायर त्या बेरजेवर घातले. बँकेच्या खात्यात काय आहे ते तो कधी विचारत नसे. खात्यात डिझेलपुरते होते.

"बघा," दादाने बोट ठेवलं. "हॉटेल, आज. दवाखाना, आज. जिम, आज. त्या तिघांचेच इतके आहेत की तुम्ही दोन बॉयलर लावाल."

मिस्त्रीने चष्मा वर केला. "हे आलेत?"

"येतायत."

"मग आले की बोलवा. मी समोर जेवून येतो. माझ्याकडे तारीख चालत नाही."

तो गेला. दादा म्हणाला, "माणूस चांगला आहे, पण विश्वास नाही कशावर." आणि शीळ घालत मशिनांकडे निघून गेला.

वहिनी स्क्रीनकडे बघत राहिली. हॉटेल, शुक्रवार. दवाखाना, शुक्रवार. जिम, शुक्रवार. वसतिगृह, पुढचा शुक्रवार. या तारखा तिने स्वतःच्या बोटांनी टाइप केल्या होत्या. रोज संध्याकाळी भाऊजी व्हॅन लावून यायचे, चहाचा कप घ्यायचे आणि तिने गिऱ्हाइकाचं नाव घेतलं की सांगायचे, "शुक्रवारी देतो म्हणाले." शुक्रवार यायचा, जायचा. सोमवारी ओळ लाल झालेली असायची, दादाच्या कपाळावर आठी पडायची, संध्याकाळी भाऊजी पुन्हा सांगायचे, "साहेब बाहेरगावी होते. या शुक्रवारी नक्की." की ओळ हिरवी.

रोलरवरच्या मावशीने एकदा विचारलं होतं, "काय हो वहिनी, शुक्रवारी काय पैशांचा नळ सुटतो का? सगळ्यांना एकदम?" वहिनी हसली होती. तिला काही कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण कळलेलं उघडून बघायचं म्हणजे घरात भांडण, आणि हिरवी स्क्रीन कुणाला नको असते?

साडेबारा वाजले. बँकेचा एकही मेसेज नाही.

तिने फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. या घरात वसुलीचे फोन बायका करत नसत. खरं सांगायचं तर पुरुषही करत नसत. सासरे होते तेव्हा म्हणायचे, आपण काम चोख द्यायचं, पैशासाठी हात पुढे करायचा नाही, देणारा देतो. त्यांच्या काळी गिऱ्हाइकं स्वतः येऊन काउंटरवर पैसे ठेवत, त्यामुळे त्यांना असली मोठी वाक्यं बोलणं परवडलं. ते गेले, वाक्य राहिलं. दादाने ते जसंच्या तसं उचललं आणि मागायचं काम धाकट्याच्या गळ्यात घातलं. म्हणे, तू गोड बोलतोस.

तिने फोन लावला. आधी हॉटेल.

"अकाउंट्स," पलीकडून कंटाळलेला आवाज आला.

"लाँड्रीतून बोलतेय. आज आमचं पेमेंट व्हायचं होतं."

"आज? कोणी सांगितलं?"

"आमचे भाऊजी येतात ना तुमच्याकडे. त्यांना तुम्ही शुक्रवार सांगितलात."

"मॅडम, तुमच्याकडून गेल्या पाच महिन्यांत कोणी आलं नाही. मागच्या गेटला चादरी टाकतात आणि जातात. बिलाबरोबर माल मिळाल्याची सही लागते, ती नाही, स्टेटमेंट नाही, फोन नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला घाई नाही."

आम्हाला वाटलं तुम्हाला घाई नाही. वहिनीच्या कानशिलाची शीर ठणकायला लागली. आठ बायकांचे पगार तिने मागच्या आठवड्यात स्वतःच्या बांगड्या गहाण टाकून केले होते, आणि या माणसाला वाटलं की घाई नाही. चादर एक दिवस उशिरा गेली तर हीच माणसं फोनवर फोन करतात. तेव्हा यांना घड्याळ दिसतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. मग दवाखान्याला फोन केला. तेच. जिमला केला. जिमवाला तर म्हणाला, "अरे, तुम्ही अजून चालू आहात?"

ती उठली आणि मागच्या अंगणात गेली.

व्हॅन रंगाचे पोपडे उडालेल्या भिंतीला टेकून उभी होती. मागे हॉटेलच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे भरलेले, कालच इस्त्री झालेल्या. भाऊजी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले होते. वहिनी शेजारचं दार उघडून आत बसली आणि दार ओढून घेतलं.

"मी हॉटेलला फोन केला," ती म्हणाली.

स्टिअरिंगवरचे हात खाली आले.

"दवाखान्यालाही केला. जिमलाही. एकालाही भेटला नाहीत तुम्ही. एकालाही! पाच महिने मला रोज संध्याकाळी बसून तारखा सांगत होतात, त्या कुठून आणत होतात?"

"शुक्रवार सांगितला की..." ते थांबले. "शुक्रवार संपला की दोन दिवस ऑफिसं बंद. दादा सोमवारपर्यंत विचारत नाही. दोन दिवस झोप लागते."

"मग पैसे गेले कुठे? कुणी दिले होते का? तुमच्याकडे आहेत का?"

"वहिनी!" त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते. "एक पैसा नाही घेतला. मी मागितलेच नाहीत. मला नाही जमत. हॉटेलात त्याआधी एकदा गेलो होतो. त्या अकाउंट्सवाल्याने मला बाकड्यावर बसवलं. दुपारभर. माणसं येतायत, जातायत. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, अजून बसलायस? आज काही मिळणार नाही, जा. मिळणार नाही म्हणाला, वहिनी. जसं काय मी... मी खाली आलो आणि परत वर गेलोच नाही. मग कुठेच गेलो नाही. व्हॅन दारात लावायची, आत बसून राहायचं, परत यायचं."

वहिनीला दोन गोष्टी एकदम वाटल्या. याला एक थोबाडीत ठेवून द्यावी, आणि त्या अकाउंट्सवाल्याला दोन.

"तुमच्या लाजेपायी बॉयलर फुटला असता," ती म्हणाली. "कळतंय का? मिस्त्री दोन वाजता जातोय."

"दादाला सांगू नका."

"त्यांचं नंतर बघू. गाडी चालू करा."

"कुठे?"

"हॉटेलात. मागच्या गेटला. मागे त्यांच्याच चादरी आहेत ना?"

निघताना तिने दादाला हॉलच्या दारातूनच ओरडून सांगितलं, "हॉटेलात जाऊन येते, पैसे घेऊन!" दादाने हात हलवला. त्याला यात नवल वाटलं नाही. पैसे आज येणारच होते.

ऑफिसातली स्क्रीन मागे तशीच हिरवी राहिली. ती बदलायचं वहिनीच्या डोक्यात आलं नाही. चूक झाली ती इथे.

हॉटेलच्या मागच्या गेटला हाउसकीपिंगची प्रमुख बाई कमरेवर हात ठेवून वाटच बघत होती. "किती उशीर! दोनला पाहुणे येतायत, दोन मजल्यांवर नुसत्या गाद्या आहेत. उतरवा लवकर."

भाऊजी सवयीने दार उघडायला निघाले. वहिनीने त्यांच्या हातातून किल्ली घेतली, मागचं दार उघडलं आणि स्वतःच पहिल्या गठ्ठ्यावर बसली.

"उतरवतो," ती म्हणाली. "आधी वर कळवा. अकाउंट्सवाल्या साहेबांना खाली बोलवा."

"बाई, माझा काय संबंध अकाउंट्सशी?"

"तुमचा चादरींशी आहे ना? माझा पैशांशी आहे. दोघींनी आपापलं काम करायचं."

हाउसकीपिंगवालीने तिच्याकडे नीट बघितलं. मग फोन काढला आणि अशा आवाजात बोलली की गेटवरचा रखवालदारही सरळ उभा राहिला.

अकाउंट्सवाला आला. गळ्यात ओळखपत्र, हातात पेन, चेहऱ्यावर वैताग. "हे बघा मॅडम, असं गेटवर येऊन नाही होत. आमची प्रोसेस आहे. बिल आलं की प्रोसेस, सही आली की प्रोसेस..."

"पाच महिन्यांच्या सह्या यांच्याकडून घ्या," वहिनीने हाउसकीपिंगवालीकडे बोट केलं. "चादरी यांनीच घेतल्यात. झोपलेत त्यावर तुमचे पाहुणे. की नाही?"

"घेतल्यात," हाउसकीपिंगवाली म्हणाली. "आणा कागद, आत्ता करते सही. मला चादरी पाहिजेत."

वहिनी वळली. "भाऊजी, मागा."

"मी?"

"तुम्हीच. तुम्हाला बाकड्यावर बसवलं होतं ना यांनी? मागा."

भाऊजी पुढे आले. शर्टाच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं. "साहेब... आमचे... ते पैसे."

अकाउंट्सवाल्याला हायसं वाटलं असावं. हे माणूस त्याच्या ओळखीचं होतं, असली माणसं कशी परत पाठवायची ते त्याला येत होतं. "हो हो, बघतो ना. पुढच्या शुक्रवारी करून टाकतो."

भाऊजी हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्याने, थांबेचनात. वहिनीला भीती वाटली की हे आता रडतील.

"शुक्रवार?" ते म्हणाले. "साहेब, शुक्रवार माझा आहे. तो मी तयार केलाय. पाच महिने मीच वाटतोय तो. तुम्ही दुसरं काहीतरी सांगा." आणि हसू एकदम थांबलं. "आज द्या. आत्ता. नाहीतर पाहुण्यांना सांगा, गादीवर झोपा."

"धमकी देतोस?"

"मागतोय," भाऊजी म्हणाले. "याला मागणं म्हणतात. मला नव्हतं येत, आता येतंय."

हाउसकीपिंगवाली म्हणाली, "साहेब, दोनला बस येतेय पाहुण्यांची. रिकाम्या गाद्यांची प्रोसेस तुम्ही करणार का मी मॅनेजरना बोलवू?"

अकाउंट्सवाला वर गेला. सगळे नाहीत, पण जुन्या दोन महिन्यांचे पैसे त्याला तिथल्या तिथे सोडावे लागले. वहिनीच्या फोनवर बँकेचा मेसेज वाजला तेव्हा ती गठ्ठ्यावरून उठली. गठ्ठे उतरवायला भाऊजी, रखवालदार आणि ती हाउसकीपिंगवाली स्वतः, सगळे लागले.

दोन वाजून गेले होते.

व्हॅनमध्ये बसताच वहिनीने दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मशिनं बंद असली की दादा पहिल्या घंटीला उचलतो. चालू असली की त्याला काही ऐकू येत नाही.

तिने मिस्त्रीला लावला.

"मी निघालो हो," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या मालकांनी परत ती हिरवी पाटी दाखवली. म्हणे संध्याकाळपर्यंत येतायत, तुम्ही लावून टाका. मी म्हटलं, नमस्कार."

"बॉयलर पेटवलाय का?"

"माझ्यासमोर थंड होता. मी गेल्यावरचं मला काय माहीत?"

"परत या. पैसे आलेत, आत्ता पाठवते. मिस्त्री, तुमच्या पाया पडते, परत या."

तिने पैसे पाठवले. घाईत आकडा दोनदा चुकला. पलीकडून मिस्त्री म्हणाला, "आले. वळतोय." आणि मग, आवाज बदलून, "वहिनी, पेटवला असेल तर बायकांना आधी बाहेर काढा."

चौकातून वळल्यावर धुराडं दिसलं. त्यातून धूर येत होता.

"अजून जोरात चालवा," वहिनी म्हणाली. भाऊजी चालवतच होते.

हॉलमध्ये रोलर फिरत होता. आठही बायका उभ्या होत्या, चादरी आत जात होत्या, बाहेर येत होत्या, काचांवर वाफ धरली होती. वहिनी त्यांच्यामधून पळत बॉयलरखोलीत गेली. दादा वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर स्टूल टाकून बसला होता.

"बंद करा!"

"अगं, मी स्वतः बसलोय ना इथे," दादा म्हणाला. "काट्यावरून नजर हटवलेली नाही. कमी वाफेवर चालवतोय. दवाखान्याच्या चादरी संध्याकाळी द्यायच्यात. मिस्त्री वेडा आहे, उद्या येईल. पैसे तर येतच आहेत, स्क्रीनवर बघितलंय मी."

"स्क्रीनवर जे आहे ते कुणी म्हटलेलंच नाही!"

"म्हणजे?"

दारातून भाऊजींचा आवाज आला. "दादा, त्या तारखा मी बनवल्या. कुणीच शुक्रवार म्हणालं नाही. मी कुणाकडे गेलोच नाही."

दादा उभा राहिला. स्टूल पडलं. "काय म्हणालास?"

"मी बनवल्या."

"पाच महिने? पाच महिने मी त्याच्यावर ड्रायर घेतला, टायर घेतले..." दादाने धाकट्याची कॉलर धरली. "घरात बसून चोरी केलीस रे!"

"भाऊजींनी एक पैसा घेतला नाही," वहिनी ओरडली. "तुम्हाला मागायची लाज वाटते म्हणून तुम्ही यांना पाठवलंत. यांना वाटते म्हणून यांनी तारखा दिल्या. मला भांडणाची वाटते म्हणून मी त्या लिहिल्या. आणि त्या बायकांना बॉयलरशेजारी उभं केलंत तुम्ही. कुणाला बोलताय?"

भिंतीला कान असतात की नाही कोण जाणे, पण त्या हॉलमधल्या बायकांना होते. मावशीने रोलरचा लाल खटका दाबला. कुणी काही सांगायची वाट न बघता तिने हातातली चादर टाकली आणि म्हणाली, "चला गं बाहेर. मला फुकट मरायचं नाही, पगारात मरायचं नाही, मला मरायचंच नाही." आठही जणी बाहेर पडल्या. जाता जाता एकीने सवयीने ड्रायरही बंद केले. मशिनं चालू सोडून जायचं नाही, हा इथला नियम होता आणि तो नियम लावला दादानेच होता.

एकदम शांत झालं. त्या शांततेत बॉयलरचा आवाज ऐकू आला. खाली कुठेतरी घुरघुरणारा, जाड.

वहिनीची नजर काट्यावर गेली. काटा चढत होता.

"अहो," ती म्हणाली.

दादाने बघितलं. रोलर बंद, ड्रायर बंद. वाफ बनत होती आणि ती खायला कुणी नव्हतं. त्याने धाकट्याची कॉलर सोडली, उडी मारून बर्नरचा खटका पाडला. जाळ विझला. पण तापलेलं लोखंड तापलेलंच होतं. काटा थांबला नाही. लाल रेघेच्या दिशेने सरकत राहिला. वरचा व्हॉल्व्ह गप्प बसला होता, सकाळी बसला होता तसाच.

"ड्रायर उघड!" दादा ओरडला. "सगळे! वाफेला वाट दे!"

भाऊजी हॉलमध्ये धावले. वहिनी त्यांच्यामागे निघाली तेव्हा दादाने तिला दंडाला धरून मागच्या दारातून बाहेर ढकललं. एवढ्या जोरात की ती पायरीवर पडली. तिथून तिला खिडकीतून दिसत होतं. भाऊजी एका ड्रायरपासून दुसऱ्याकडे पळतायत, दोन्ही हातांनी वाफेच्या नळांची लोखंडी चाकं फिरवतायत, खटके दाबतायत. रिकाम्या ड्रायरच्या दारांतून वाफ फुसफुसत बाहेर येऊ लागली. मग रोलर पुन्हा फिरायला लागला, आत कुणी चादर घालत नव्हतं, नुसताच. भाऊजी वाफेत दिसेनासे झाले.

आतून दादाचा आवाज, "अजून!"

"सगळे उघडलेत!"

"अजून!"

मग काहीच नाही. अंगणात बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मावशीने वहिनीचा हात धरला होता, इतका घट्ट की दुखत होतं.

"थांबला," दादाचा आवाज आला. आणि बऱ्याच वेळाने, "उतरतोय."

भाऊजी बाहेर आले तेव्हा उजव्या हाताचा तळवा भाजला होता आणि केस पाण्यातून काढल्यासारखे ओले होते. दादा त्यांच्यामागून आला, पायरीवर बसला, डोकं गुडघ्यांत घातलं. मावशीने धाकट्याचा हात नळाखाली धरला आणि म्हणाली, "हलू नको, मूर्खा." त्या वेळी तिने त्याला मालक म्हणून वागवलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मिस्त्री आला. धुराडं बघून त्याला सगळं कळलं. दादासमोर उभा राहून तो फक्त एवढंच म्हणाला, "काडी लावलीत ना?" मिस्त्रीने सामान उतरवलं.

लोखंड निवेपर्यंत तो खोलीत कुणाला येऊ देत नव्हता. वहिनी ऑफिसात जाऊन बसली. स्क्रीन हिरवी होती. तिने पहिल्या ओळीतली तारीख पुसली. रकाना रिकामा ठेवून सेव्ह करायला गेली तर सॉफ्टवेअर म्हणालं, तारीख भरा. तिने कालची तारीख टाकली. ओळ लाल झाली. दुसरी. तिसरी. दवाखाना, जिम, वसतिगृह. दादा दारात येऊन उभा राहिला होता. भाऊजी ओल्या फडक्यात हात गुंडाळून त्याच्यामागे. खालची ठळक बेरीज एकेका ओळीबरोबर कमी होत गेली आणि शेवटी तिथे शून्य राहिलं.

दादा त्या शून्याकडे बघत राहिला. मग धाकट्याच्या हाताकडे.

"दुखतोय?" त्याने विचारलं.

"हो."

"दवाखान्यात जा. आपलंच गिऱ्हाईक आहे."

"आधी पैसे द्यायला सांगा त्यांना," वहिनी म्हणाली आणि फोन टेबलावरून दादाकडे सरकवला. "लावा."

"मी?"

"तुम्हीच."

दादाने फोन उचलला. नंबर तिने सांगितला, त्याने दाबला. मावशी आणि दोघीतिघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही. पलीकडे कुणीतरी उचललं. दादाने घसा खाकरला, पाठ ताठ केली, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"नमस्कार. लाँड्रीतून बोलतोय, मालक." तो थांबला. कपाळावर घाम आला होता, बॉयलरसमोर आला होता त्याहून जास्त. त्याने फोनवर हात ठेवला आणि धाकट्याकडे बघितलं. "पुढे काय म्हणायचं?"

"पैसे," धाकटा म्हणाला. "पैसे म्हणायचं, दादा."